सकाळी नऊ, दुपारीही नऊच: तात्यांच्या सोलरची केस

दापोली तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका गावात आमचे तात्या आणि काकू राहतात. तात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. मी दापोलीत मोटर-पंप आणि वायरिंगची कामं करतो, गेली काही वर्षं सोलरची पण करतो, त्यामुळे त्यांच्याकडे काही बिघडलं की पहिला फोन मलाच. ही केस पूर्ण लिहून ठेवतोय कारण मी स्वतः यात एकदा सपशेल चुकलो, आणि शेवटी जो धागा मिळाला तो मीटरने दिला नव्हता, काकूंच्या दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरने दिला होता.

आधी सिस्टीम काय आहे ते सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडची पण पार वाट लावून गेलं, माड-पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. त्यानंतर तात्यांनी ठरवलं की काही झालं तरी घरात दोन पंखे आणि दिवे आपले आपण चालले पाहिजेत. घर कौलारू, म्हणून पॅनल न्हाणीघराच्या स्लॅबवर बसवली. १६० वॉटची चार पॅनल, प्रत्येकात ३६ सेल. दोन पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज) अशा दोन जोड्या आणि त्या जोड्या एकमेकींना पॅरलल (शेजारी शेजारी, म्हणजे करंटची बेरीज). खाली १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या म्हणजे २४ व्होल्ट, आणि एक सोलर इन्व्हर्टर ज्याच्या आत साधा पीडब्ल्यूएम चार्जर आहे, म्हणजे पॅनल जवळजवळ थेट बॅटरीला जोडणारा, पॅनलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा पुरेसं जास्त असेल तरच करंट जातो. बिल वाचावं म्हणून लाईटवरून बॅटरी चार्ज होणं तात्यांनी बंद करून ठेवलेलं. हे लक्षात असू द्या, कारण बॅटरीला जे काही मिळत होतं ते फक्त उन्हातून.

तक्रार आली दिवाळीनंतर. काकूंचा फोन, "अरे, रात्री नऊ वाजले की मेलं ते बीप बीप करायला लागतं, पूर्वी पहाटेपर्यंत पंखे चालायचे." तोवर तात्यांनी एका दुकानातल्या माणसाला बोलावून झालं होतं. त्याने इन्व्हर्टरच्या मागे येणाऱ्या पॅनलच्या वायरी सोडवून त्यांना मीटर लावला, ३२-३३ व्होल्ट आले, म्हणाला बॅटरी २४ ची आहे आणि पॅनल ३३ देतायत, म्हणजे पॅनल ओके, आणि पॅनल तसंही पंचवीस वर्षं बिघडत नाही, बॅटऱ्या गेल्या, दोन्ही बदला. खर्च तीसेक हजार. तात्या कोकणी माणूस, तीस हजार ऐकल्यावर त्यांनी त्याला चहा पाजला आणि मला फोन लावला.

त्या ३३ व्होल्टवर मी नंतर येतो, कारण अख्खी केस त्या एका आकड्यात होती आणि तो आकडा त्याने बघितला, मी ऐकला, आणि दोघांनीही सोडून दिला.

मी गेलो ते आधी बॅटरीकडे. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी, बॅटरी जितकी भरलेली तितका आकडा मोठा) घातला, दोन बॅटऱ्यांचे मिळून बारा सेल, सगळ्यांत रिडिंग ११७० च्या आसपास. ट्युब्युलर पूर्ण भरलेली असली की १२४० च्या जवळ दाखवायला हवं. म्हणजे बॅटरी उपाशी होती हे नक्की, पण बाराच्या बारा सेल सारखेच उपाशी. बॅटरी खरंच गेली असती तर एखाददुसरा सेल बाकीच्यांपेक्षा चांगलाच खाली दिसला असता. खात्रीसाठी लाईटवरून चार्जिंग चालू करून ठेवलं, दोन दिवसांनी तात्यांना हायड्रोमीटर बघायला शिकवून फोनवर रिडिंग घेतली, सगळे सेल १२३० च्या वर. बॅटरी निर्दोष सुटली. (कुणी बॅटरी बदला म्हटलं की आधी हे करा, शंभर-दीडशे रुपयांचा हायड्रोमीटर आहे तो. फक्त ॲसिड अंगावर उडू देऊ नका.)

मग माझी चूक. स्लॅबवर गेलो तर पॅनलवर खारट पांढुरका थर, कावळ्यांची कृपा, आणि खालच्या फ्रेमला चिकटून मातीची आणि शेवाळाची एक पट्टी साचलेली. आमच्याकडे स्लोप कमी ठेवला की हे होतंच, पाणी खालच्या कडेला थांबतं आणि चिखल सोडून जातं, आणि ती दोन बोटांची पट्टी सगळ्यात खालच्या सेलच्या ओळीवर सावली धरते. वर मागच्या माडाच्या तीन झावळ्या दुपारनंतर वाकून सावली टाकत होत्या. मला वाटलं सापडलं. सकाळी काच थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने सगळं धुतलं, गडी बोलावून झावळ्या काढल्या, वर नारळ पण उतरवून घेतले म्हणून तात्या खूश. चार दिवसांनी परत फोन. बीप नऊऐवजी साडेनऊला.

दुसऱ्या खेपेला मी काकूंना विचारलं की इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर अँपिअर, म्हणजे उन्हातून बॅटरीत जाणारा करंट, किती दिसतात ते कधी बघता का. काकू आत गेल्या आणि कॅलेंडर घेऊन आल्या. दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, गडी किती दिवस आला, आणि रोजच्या चौकटीत कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने दोन आकडे. सिस्टीम बसवली तेव्हा कुणीतरी त्यांना म्हणालं होतं की सकाळी साडेनऊचे आणि दुपारी जेवायला बसायच्या आधीचे अँपिअर बघत जा, आणि त्या माउलीने ते वाक्य देववाक्य समजून रोज लिहिलं होतं. वर म्हणाल्या, "सकाळी बरा चालतो रे हा, दुपारीच मरगळतो, त्या दुकानवाल्याला पण सांगितलं, तो हसला."

मी पण हसलो असतो खरं तर, पण आकडे समोर होते. सकाळी ९, दुपारी १०. सकाळी ९, दुपारी ९. असं महिनाभर. मी विचारलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे का, तर ते फडताळात पोह्यांच्या डब्याखाली अंथरलेलं होतं. डबा उचलला, झटकलं. गेल्या वर्षी त्याच दिवसांत सकाळी ९, दुपारी १६. कधी १५, कधी १७.

म्हणजे सकाळचं गणित वर्षभरात तसूभरही बदललं नव्हतं आणि दुपारचं जवळजवळ निम्मं झालं होतं. धूळ असती तर सकाळ-दुपार दोन्ही कमी झालं असतं. वायर सुटून एक जोडी पूर्ण बंद पडली असती तर सकाळी पण ९ चे साडेचार झाले असते. हे काहीतरी असं होतं की जे ऊन कोवळं असताना काम करतं आणि पॅनल तापलं की मान टाकतं.

पॅनल तापलं की व्होल्टेज उतरतं, हे काम करणाऱ्याला माहीत असतं पण हिशेबात धरायचं राहून जातं. मागच्या स्टिकरवर लिहिलेले आकडे २५ अंशाचे असतात. आमच्याकडे दुपारी स्लॅबवर पॅनल साठ-पासष्ट अंशाला सहज जातं, आणि दर अंशाला साधारण ०.३ टक्के ओपन व्होल्टेज (पुढे काही न जोडता मोजलेलं) कमी होतं, म्हणजे स्टिकरवर २२ व्होल्ट असेल तर दुपारी १९-२० च्या आसपास. दोन पॅनल सिरीजला, म्हणजे दुपारी सुद्धा ३९ तरी यायलाच हवे. आणि त्या दुकानवाल्याला आले ३३! तो २४ शी तुलना करत बसला, करायची होती ३९ शी. मी पण फोनवर ऐकून हो हो केलं.

मग दुपारी साडेबाराला गोधडीची टेस्ट केली. ही टेस्ट मला फार आवडते कारण काही खोलावं लागत नाही. काकूंना डिस्प्लेसमोर उभं केलं, मी वर, आणि एकेका पॅनलवर काकूंची जाड गोधडी पूर्ण अंथरत गेलो. पहिलं पॅनल झाकलं, खालून आवाज आला, "दहाचे दोन झाले!" काढली, परत दहा. दुसरं झाकलं, परत दोन. तिसरं झाकलं, "आठ!" चौथं झाकलं, "आठच!"

म्हणजे पहिली जोडी एकटी आठ अँपिअर देत होती आणि दुसरी जोडी जेमतेम दोन. पण दुसऱ्या जोडीतलं नेमकं कुठलं पॅनल ते गोधडी सांगत नाही, कारण सिरीजमध्ये एक पूर्ण झाकलं की जोडीच बसते, मग ते चांगलं असो की वाईट. त्यासाठी जोडी सोडवून मोजणं आलं.

इथे जे झालं ते मी विसरणार नाही. पॅनल आणि इन्व्हर्टरच्या मधला खालचा डीसी एमसीबी (खटक्याचा स्विच) पाडला. आता करंट जायला जागाच नाही, आरामात एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरी एकमेकींत अडकवायचे प्लग) खोलू, असं मनात. सवयीने आधी डीसी क्लॅम्प मीटर दुसऱ्या जोडीच्या वायरीला लावला (डीसी करंट मोजणारा क्लॅम्प लागतो, बाजारात स्वस्तात मिळतात त्यातले बरेच फक्त एसी करंट मोजतात आणि इथे शून्य दाखवून फसवतात) तर आकडा आला ७.४, आणि पुढे वजा! एमसीबी पडलेला, बॅटरीकडे काही जात नाही, आणि वायरीतून साडेसात अँपिअर उलटे वाहतायत. दोन मिनिटं मी नुसता बघत बसलो, मग डोक्यात शिरलं. दोन्ही जोड्या वाय कनेक्टरला (दोन वायरींची एक करणारा जोड) वर स्लॅबवरच एकत्र येतात, एमसीबी त्याच्या खाली. चांगली जोडी ३९ चा जोर लावतेय, आजारी जोडीत तेवढा दम नाही, तर चांगलीचा सगळा करंट आजारीच्या पोटात घुसतोय आणि तिथे उष्णता होऊन जातोय. आणि दोघींच्या या ओढाताणीत व्होल्टेज मधेच कुठेतरी अडकतं, ३२-३३ ला. दुकानवाल्याच्या मीटरवर आलेला आकडा हाच.

दोनच जोड्या होत्या म्हणून एकीचा करंट दुसरीत गेला तरी पॅनलला झेपतो. तीन किंवा जास्त जोड्या पॅरलल असतील तर प्रत्येक जोडीला वेगळा डीसी फ्यूज असलाच पाहिजे, नाहीतर बाकीच्या सगळ्या मिळून एकीला जाळतात. आणि एमसी-फोर कनेक्टर करंट चालू असताना कधी खेचायचा नाही, डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, डीसीला शून्यच नाही. त्याच कारणाने घरातला साधा एसी एमसीबी सोलरला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण, आणि ते आमच्याकडे सर्रास चालतं.

त्या दिवशी मी काही खोललं नाही. वस्तीला राहिलो, काकूंनी सोलकढी आणि बांगडा केला होता, त्यामुळे तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आधीच कनेक्टर सोडवून ठेवले आणि आठ वाजता एकेक पॅनल सुटं मोजलं. पहिलं २०.६, दुसरं २०.५, तिसरं २०.६, चौथं १०.३. बरोब्बर निम्मं!

निम्मं हा आकडा दिसला की सोलरचं काम करणाऱ्याच्या तोंडी एकच शब्द येतो, बायपास डायोड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पॅनलमधले ३६ सेल एका माळेत असतात, एकावर सावली पडली की माळेचा करंट तिथे तुंबतो आणि तो सेल तापून जळायला लागतो. म्हणून १८-१८ सेलच्या दोन गटांवर एकेक डायोड लावलेला असतो, एका दिशेनेच उघडणारा. आमच्याकडे खाडीच्या कडेला खारबंधाऱ्याला उघाडी असते ना, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला दार आपोआप मिटून खारं पाणी अडवते, तसाच प्रकार. एरवी मिटलेला, गटावर सावली आली तरच उघडून करंटला बाहेरून वाट देतो. आता उघाडीचं दारच मोडून कायमचं उघडं राहिलं तर शेताचं जे होईल ते त्या १८ सेलचं झालं होतं. डायोड शॉर्ट, त्या अर्ध्या पॅनलचा करंट आतल्या आत फिरतोय, बाहेर शून्य.

आणि आता सकाळ-दुपारचं कोडं सुटतं. आजारी जोडीत ७२ ऐवजी ५४ च सेल उरले. थंडीच्या सकाळी ५४ सेल ३१ व्होल्टच्या आसपास देतात, बॅटरी तेव्हा साडेपंचवीस-सव्वीसला, तेवढ्यात करंट ढकलता येतो, म्हणून सकाळी ९ च्या ९. दुपारी पॅनल तापून तेच २९ वर येतात, तिकडे बॅटरी चार्ज होत होत साडेसत्तावीसला चढलेली, वर वायरीतला ड्रॉप, मग त्या जोडीने ढकलायचं काय? काकूंचं "दुपारीच मरगळतो" शब्दशः खरं होतं.

चौथं पॅनल खाली पडवीत आणलं, गोधडीवर पालथं घातलं म्हणजे काचेवर उजेड नाही आणि ओरखडा पण नाही. मागच्या जंक्शन बॉक्सचं झाकण स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं. (हल्लीच्या बऱ्याच पॅनलमध्ये बॉक्स आतून लुकणासारख्या मालाने भरून टाकलेला असतो, तिथे हा उद्योग जमत नाही. आणि वॉरंटी चालू असेल तर झाकणाला हात लावायच्या आधी विक्रेत्याशी बोला. वीज पडून झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत येत नाही ते वेगळं.) आत मुंग्यांनी माती आणून घर केलेलं, कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसा पट्ट्यांवर हिरवा थर, आणि दोन डायोडपैकी एकाच्या पोटावर केसाएवढी चीर, बाजूला काळा डाग. मीटर डायोडवर ठेवला, शाबूत डायोडने एका बाजूने ०.२ दाखवलं आणि उलट्या बाजूने काही नाही, चिरलेल्याने दोन्ही बाजूंनी शून्य आणि मीटरची शिट्टी. ही तपासणी पॅनल अंधारात ठेवूनच करायची, उजेडात सेलचं व्होल्टेज मधे येतं आणि मीटर काहीही सांगतो.

डायोड शॉटकी जातीचा, १५ अँपिअर ४५ व्होल्टचा, दापोलीत मिळाला नाही. भाचा शनिवारी मुंबईहून येणार होता, त्याला लॅमिंग्टन रोडवरून सहा आणायला सांगितले, एकेक पंचवीस रुपयांना मिळाला. तात्या म्हणत होते तोपर्यंत जळका कापून टाक आणि चालव. चालतं तसं, व्होल्टेज लगेच परत येतं, पण मग त्या १८ सेलना सावलीपासून संरक्षण उरत नाही आणि मागे माड उभे, मी नाही म्हटलं. आठ दिवस ते पॅनल आणि त्याची जोडीदारीण बाजूला ठेवून पहिल्या जोडीवरच चालवलं, आणि रात्री दोन तास लाईटवरून चार्जिंग. बॅटरी बरेच दिवस अर्धपोटी ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग ती खरोखरच जाते.

शनिवारी दोन्ही डायोड बदलले, शाबूत होता तो पण, कारण ज्या झटक्यात भाऊ गेला त्यातून हा किती धड राहिला असेल कोण जाणे. पट्ट्या घासून चकचकीत केल्या, डाग दिला, झाकणाच्या कडेने सिलिकॉन. सिलिकॉन घेताना वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तांब्याला खातं, ते नको, न्यूट्रल लिहिलेलं घ्या. उन्हात मोजलं, २०.४. अर्धं पॅनल गोधडीने झाकून बघितलं, हातातल्या हॅलोजनच्या बल्बवर उरलेली अर्धी बाजू चालू राहिली, म्हणजे नवी उघाडी उघडतेय.

झटका कुठून आला हे काकूंनीच सांगितलं, तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. नवरात्र संपता संपता परतीच्या पावसात एका संध्याकाळी मागच्या वाडीतल्या माडावर वीज पडली होती, माड शेंड्यापासून जळला, यांचा सेट टॉप बॉक्स त्याच रात्री गेला. कॅलेंडरवर बघितलं तर दुसऱ्या दिवसापासून दुपारचे आकडे घसरलेले. वीज थेट पॅनलवर पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी वायरींच्या मोठ्या फेऱ्यात झटका तयार होतो आणि बायपास डायोड त्यात बऱ्याचदा मरतात. यांच्याकडे तर पॉझिटिव्ह वायर पुढच्या भिंतीने उतरलेली आणि निगेटिव्ह न्हाणीघराला वळसा घालून मागून. बसवणाऱ्याला तशी सोय वाटली असेल. आख्खं न्हाणीघर त्या फेऱ्याच्या आत. आता दोन्ही वायरी एकमेकींना बांधून एकाच पाइपातून आणल्यात, खाली डीसी सर्ज अरेस्टर (झटका जमिनीत सोडणारा) लावलाय आणि फ्रेमला अर्थिंग केलंय, जे आधी नव्हतंच. जांभ्यात अर्थिंग मिळणं कठीण, खडक लगेच लागतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणून खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या बाजूला घेतला, तिथे माती बारमाही ओली असते. जवळच्या विजेचा जोर याने पुष्कळ कमी होतो. थेट अंगावर पडली तर मग काही खरं नाही.

वायरी हलवताना आणखी एक सापडलं, वाय कनेक्टरच्या एका टोकाचं प्लास्टिक तपकिरी आणि मऊ झालेलं. आत पिन पक्कडने दाबलेली, क्रिंपिंग टूलने नाही, आणि नर एका कंपनीचा मादी दुसऱ्या. तो पण बदलला. याने किती अँपिअर खाल्ले असतील ते मोजलं नाही, पण अजून एक पावसाळा तो टिकला नसता.

ज्यांच्याकडे मोठी पॅनल आहेत त्यांच्यासाठी एवढंच, ६० आणि ७२ सेलच्या पॅनलमध्ये डायोड तीन असतात, म्हणजे एक गेला की निम्मं नाही, एक तृतीयांश व्होल्टेज जातं. आणि छतावर दहा-बारा पॅनल एका माळेत असतील तर टोटलमध्ये तो फरक इतका किरकोळ दिसतो की वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. एकेक पॅनल सुटं मोजल्याशिवाय कळायचं नाही.

परवा काकूंचा फोन आला. सकाळी ९, दुपारी १६, बीप बंद. आणि ते गेल्या वर्षीचं कॅलेंडर मी फोटो काढायला म्हणून नेलं होतं ते परत कधी आणून देतोस, पोह्यांच्या डब्याखाली फडताळ ओशट होतंय.